पाच दिवसांचं वेगळं ताट

गालगुंड म्हटलं की लोक हसतात. मीही हसायचे. लहान मुलांचे गाल फुगतात, शाळेला आठवडाभर सुट्टी मिळते, मग गाल खाली बसतात, एवढीच माझी माहिती होती. या आजाराने मला चोविसाव्या वर्षी गाठलं, आणि पुढचे साडेतीन महिने माझ्यापुढे एकच प्रश्न उरला: डाव्या कानाला पुन्हा ऐकू येणार की नाही.

हे मी कुणाची कीव मिळवायला लिहीत नाही. निरवांगीत, इंदापुरात, बारामतीत ज्यांच्या घरात आज कुणाचा तरी गाल सुजलेला आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे. त्यातही आमच्यासारख्या घरांसाठी. कारण माझ्या हातून जी चूक झाली ती अडाणीपणातून झाली नाही, चांगल्या तत्त्वातून झाली. तत्त्वातून झालेली चूक लवकर ओळखू येत नाही. ती करताना छाती फुगलेली असते.

दोरा

माझं नाव मित्रा. मी पत्रकांवर वाढले. आबा, म्हणजे माझे वडील, इंदापूरच्या एका कचेरीत शिपाई होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कपडे कमी आणि पुस्तिका जास्त असायच्या. हुंड्यावरच्या, अंगात येण्यावरच्या, धर्मांतरावरच्या. शाळेत जायच्या आधी मी त्यांवरचे मोठ्या टायपातले मथळे वाचायला शिकले.

आबांच्या वडिलांना, आमच्या आज्ज्याला, गावातल्या हॉटेलात चहा मिळायचा तो बाहेर वळचणीला अडकवलेल्या, टवके उडालेल्या कपात. कप आपणच काढायचा, आपणच विसळायचा, परत अडकवायचा. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर आज्ज्याने तो कप सोडला आणि त्याच्यासोबत चहाही सोडला. मरेपर्यंत प्याला नाही. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे: कुणाचंही भांडं वेगळं निघणार नाही. पाहुण्याचं नाही, ऊसतोडीला आलेल्या माणसाचं नाही, कुणाचंच नाही.

मी बारामतीत खोली करून राहते, एम. ए. करते आणि एका वाचनालयात अर्धा दिवस काम करते. गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांसाठी निरवांगीला आले. घरात शिरले तर पडवीत माझी भाची ओवी एकटीच जेवत होती. सहा वर्षांची पोर. दोन्ही गाल सुजून मान दिसेनाशी झालेली, डोक्यावरून हनुवटीखाली ओढणी बांधलेली. समोर एक ताटली, एक वाटी, आणि तिच्या पेल्याला लाल दोरा बांधलेला. बाकी घर आत जेवत होतं.

“वहिनी, हे काय?”

“गालगुंड झाल्यात तिला. दवाखान्याच्या आशाताई सांगून गेल्या, पाच दिस येगळं ठिवा. पेला-ताटली सगळं येगळं. वळखू यावं म्हणून दोरा बांधलाय.”

“दोरा? आपल्या घरात?”

“आजार हाय, मित्रा.”

“आज्ज्याला पण कारणं सांगूनच बाहेर बसवायचे. तेव्हा विटाळ म्हणायचे, आता आजार म्हणायचं.”

“आगं, ते निराळं आन् हे निराळं.”

“काही निराळं नाही. जातीयवादी माणसं हेच करतात.”

वहिनी ओवीची ओढणी नीट करू लागली. मी मात्र थांबले नाही. ओवीसमोर फतकल मारून बसले, तिच्याच ताटलीतला वरणभात तिच्याच चमच्याने खाल्ला आणि दोरा बांधलेल्या पेल्यातलं उरलेलं पाणी प्याले.

“आत्या, आता तुला बी गालगुंड व्हनार,” ओवी सुजलेल्या तोंडाने हसत म्हणाली.

“होऊ दे.”

आतून आबांचा आवाज आला, “माझी लेक हाय ती!”

वहिनी उठली. पेल्याचा दोरा सोडला, बोटाला गुंडाळला आणि आत गेली. रात्री आम्ही सगळे एका पंगतीला बसलो, ओवीसकट. मला फार चांगलं वाटत होतं.

लोणच्याची फोड

सतराव्या दिवशी मेसमध्ये लोणच्याची फोड तोंडात घातली आणि डाव्या कानाखाली सुरी फिरवावी तशी कळ आली. संध्याकाळपर्यंत कानाची पाळी वर उचलली गेली. सकाळी आरशात बघितलं तर माझा जबडा माझा नव्हता. ताप होता, गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं, आणि आवंढा गिळला की सूज आणखी ताणली जायची.

बारामतीत ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांच्या दारात तीसेक माणसं होती. माझा नंबर आल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

“गालगुंड. या वयात? लहानपणी झाले नव्हते?”

“नाही.”

“लस?”

“सरकारी सगळ्या घेतल्यात.”

“सरकारीत ही नसते,” ते म्हणाले आणि लिहायला लागले.

मी तिथंच थबकले. आशाताईंनी बोलावलं आणि आमच्या वस्तीतली आई गेली नाही असं कधी झालेलं नाही. कडेवर पोर, हातात पिवळं कार्ड. त्या कार्डावर सगळे रकाने भरलेले असतात आणि त्यांत गालगुंडाचा रकानाच नसतो. मी हे लिहिते आहे तोवर तरी सरकारी दवाखान्यात बाळाला गोवर आणि रुबेलाची लस मिळते. गालगुंडासकट तिन्हींची एकत्र लस असते, पण ती खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे विकत. म्हणजे ज्याला माहीत आहे आणि ज्याला जमतं, त्याच्या पोराचा कान सुरक्षित. बाकीच्यांना सांगायचं, किरकोळ आजार आहे, गाल आपोआप बसतात.

डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, याला वेगळं औषध नाही, विषाणू आहे, अंगातून आपणच जातो. मऊ खा, आंबट टाळा, पाणी भरपूर प्या, पाच दिवस लोकांत जाऊ नका. उठताना मी विचारलं, “अजून काही काळजी?”

“काही वेगळं वाटलं तर या.”

त्यांच्यावर मला राग काढायचा नाही. बाहेर तीस माणसं होती. पण जो आजार पहिल्यांदाच होतो, त्यातलं सगळंच वेगळं वाटतं. त्यातलं कोणतं वेगळं धोक्याचं, हे सांगितल्याशिवाय कसं कळणार?

खोलीवरच्या मैत्रिणीने माझी पिशवी आधीच भरून दारात ठेवली होती. ती रडत होती आणि जा म्हणत होती. परीक्षा तोंडावर होती तिची. एसटीत मी तोंडाला ओढणी घट्ट बांधून सगळ्यात मागे खिडकीशी बसले. शेजारी तान्हं बाळ घेतलेली एक बाई येऊन बसली, तशी मी उठून पलीकडच्या कोपऱ्यात उभी राहिले. ती म्हणाली, “का गं, आमी चावतो का?” मला बोलायला जमलं नाही. तिला काय वाटलं असेल ते मला पक्कं माहीत होतं.

उंबरा

अंगणातूनच मी आबांना सांगितलं, “माझं ताट वेगळं काढायला सांगा. पेला पण. आणि मी पडवीत झोपणार.”

“न्हाय. ह्या घरात न्हाय.”

“मग मी आत येत नाही.”

आबांनी इकडे तिकडे पाहिलं. आईला लहानपणी गालगुंड झाले होते, तिला भीती नव्हती. दादाला कंपनीत पाळी होती. आबांना आपल्याला झाले होते की नाही हेच आठवत नव्हतं. वहिनी दारात उभी होती. ओवीचे गाल आता बसले होते, ती वहिनीच्या पदराआडून बघत होती.

“आबा,” वहिनी म्हणाली, “तुमाला हा आजार झाला तर ह्या वयात झेपणार न्हाय. बापईमाणसाला लई वंगाळ होतो म्हणत्यात.”

“मला काय होतंय?”

“तुमच्या लेकीला बी काय होत नव्हतं.”

जेवायच्या वेळी वहिनीने पडवीत माझं ताट आणून ठेवलं. पेल्याला लाल दोरा होता. मी तो बघून खाली मान घातली. तेवढ्यात आबा आपलं ताट घेऊन आले आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, माझ्यापासून चांगले सहा-सात हात लांब, भिंतीला टेकून बसले.

“सूनबाई, माझ्या पेल्याला बी बांध.”

“तुमाला कशाला?”

“बांध म्हणतो तर.”

वहिनीने ओठ चावत आबांच्या पेल्याला दोरा बांधला. असे पाच दिवस आम्ही दोघं जेवलो. मला घास उतरत नव्हता. मी भाताची पेज चमच्याने घेत होते आणि आबा माझ्याबरोबर संपवायचं म्हणून एक भाकरी अर्धा तास चावत होते. या आजारपणातलं जे थोडं चांगलं मला आठवतं, त्यात हे पहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शांताकाकू बिब्बा घेऊन आल्या. तापवलेल्या सुईने बिब्ब्याचं तेल सुजेवर चरचरा लावायचं, असा त्यांचा इलाज.

“दोन दिसात सूज उतरती बघ.”

“काकू, कातडी भाजते त्याने. फोड येतात.”

“कातडी हाय का कागुद? पुस्तकं वाचून गाल बसत न्हाईत बाय.”

“बिब्ब्याने पण बसत नाहीत. आपोआप बसतात, आणि नाव बिब्ब्याचं होतं.”

“आबाची लेक शोभतीस खरी,” असं म्हणून त्या उठल्या. जाताना बिब्बा उंबऱ्यावर ठेवून गेल्या, मन बदललं तर असावा म्हणून. मी जिंकल्यासारखी पडून राहिले.

फोन

पाचव्या दिवशी सूज कमी झाली. ताप गेला. मी आईला म्हणाले, उद्या आत झोपते. दुपारी मैत्रिणीचा फोन आला. मी तो डाव्या कानाला लावला. काहीच नाही. “हॅलो, हॅलो, आवाज येत नाही,” म्हणून बंद केला. पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ताटलीतली केळी खाता खाता मी फोन उजव्या हातात घेतला आणि उजव्याच कानाला लावला.

“बहिरी झालीस का गं?” ती ओरडत होती. “मघापासून घसा फोडते मी.”

मी फोन हळूच डाव्या कानावर नेला. तिचा आवाज गेला. उजव्यावर आणला, आला. असं मी चार वेळा केलं. ती पलीकडून शिव्या देत होती आणि मला त्या अर्ध्याच ऐकू येत होत्या.

तासाभरात त्या कानात शिट्टी सुरू झाली. कुकरची शिट्टी सुरू होऊन थांबूच नये तशी. मग घर फिरायला लागलं. उभी राहिले की जमीन डावीकडे कलायची. अंगणात जाऊन तीनदा उलटी झाली.

“सूज कानात उतरली असंल,” आई म्हणाली. तिने लसूण घालून तेल कोमट केलं आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. लहानपणी माझा कान दुखला की ती हेच करायची. आणि मी, बिब्ब्याला नकार देणारी मी, डोळे मिटून आईच्या तेलापुढे कान केला. भगताच्या अंगाऱ्याविरुद्ध मला दहा वाक्यं पाठ होती. आईच्या मांडीविरुद्ध एकही नव्हतं.

असे तीन दिवस गेले. कान वाजतो एवढंच आईला सांगितलं होतं, ऐकू येत नाही हे कुणालाच नाही. दडा बसला आहे, सुटेल, असं स्वतःला सांगत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी मी पडवीत बसले होते. वहिनी डावीकडून येऊन काहीतरी बोलली म्हणे, दोनदा. मी हललेच नाही. मग ती माझ्या मागे जाऊन उभी राहिली आणि डाव्या कानापाशी हळूच बांगड्या वाजवल्या. मला कळलं ते तिची सावली समोर पडली म्हणून.

ती पुढे आली. चिडली की ती मला वन्सं म्हणते.

“वन्सं, ह्या कानानं ऐकू येतंय का तुमाला?”

मी मान हलवली, नाही म्हणून.

“कवापासनं?”

मी चार बोटं दाखवली. तिने कपाळावर हात मारला नाही, ओरडलीही नाही. चुलीवरचं उतरवलं, ओवीला आईकडे दिलं, पायात चप्पल घातली आणि मला दंडाला धरून एसटीला नेलं.

वॉर्ड

बारामतीच्या कानाच्या डॉक्टरबाईंनी एक धातूचा चिमटा वाजवून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. “कुठल्या बाजूला ऐकू येतं?” सगळा आवाज उजवीकडे गेला. मग तपासणी झाली. कागदावर उजव्या कानाची रेघ वर होती आणि डाव्याची पार तळाला.

“किती दिवस झाले?”

“चार.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पहिल्या दिवशी आला असता तर कान नक्की वाचला असता, असंही मी म्हणणार नाही. गालगुंडाने गेलेला कान बहुतेक वेळा परत येत नाही. क्वचित थोडा येतो. औषधाचा प्रयत्न लवकर करायचा असतो, एवढंच. आपण आता करू. तीन महिन्यांनी जे असेल ते तुमचं.”

आठवडाभर मी दाखल होते. सकाळी साडेपाचला मावशी फरशी पुसायला यायच्या, सहाला गोळ्या, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. डॉक्टरबाई रोज तोच चिमटा कपाळाला टेकवायच्या आणि मी रोज उजवीकडे बोट दाखवायचे. संडासला जायचं तर भिंतीला धरून, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून. एका कानाने आवाज कुठून आला ते कळत नाही. कुणी “मित्रा” म्हणून हाक मारली की मी चारही दिशांना बघायचे, आणि वॉर्डातली पोरं हसायची. त्या फरशी पुसणाऱ्या मावशींना कुणी काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन माझी खाट भिंतीकडे फिरवली, मेलेला कान भिंतीला आणि जिवंत कान माणसांना. “आता कोन आलं ते कळंल बाय तुला,” म्हणाल्या.

भीती कशाची वाटत होती, ते सांगते. बहिरेपणाची नव्हे. उरलेल्या कानाची. उजव्या बाजूला जरा दुखलं की मी फोन लावून बघायचे. दिवसातून पन्नास वेळा.

चौथ्या दिवशी वहिनी माझे केस विंचरत होती. मी म्हणाले, “त्या दिवशी मी तुझं ऐकायला हवं होतं.”

तिने फणी खाली ठेवली. मग माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली, नीट ऐकू यावं म्हणून.

“तू मला जातीयवादी म्हनलीस. पोरीम्होरं. मी काय वरच्या आळीतनं आले का गं? माझी आय बी तशाच कपात च्या प्याली. मला न्हाय कळत व्हय दोरा म्हंजी काय ते? तो बांधताना माझी आयच डोळ्याम्होरं हुती. तरी बांधला. पोरीची आय हाय मी.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच. आन् कान गेल्यावर कळलं, हे बी चुकलंच.”

तिने पुन्हा विंचरायला घेतलं. माफ केलं म्हणाली नाही. मीही माफ कर म्हणाले नाही. केस मात्र तिने हळू विंचरले.

आबा एकदाच आले. खाटेशेजारी टोपी हातात धरून उभे राहिले.

“मी तवा आतनं वरडलो. माझी लेक हाय म्हणून.”

“तुम्ही नसता ओरडला तरी मी खाल्लंच असतं.”

“आपलं समदंच चुकलं का गं? येवढी वर्सं?”

हाच प्रश्न मी तो आठवडाभर स्वतःला विचारत होते. उत्तर मी तेव्हा आबांना दिलं, तेच इथं लिहिते. नाही, आबा. जातीने वेगळं काढलेलं ताट कधीच मांडणीत परत येत नव्हतं. बापाचं लेकाला, लेकाचं नातवाला. आजाराचं ताट पाच दिवसांनी साबणाने घासून सगळ्यांच्या ताटांत मिसळतं. पहिलं माणसाला हलकं ठरवायला काढलेलं असतं, दुसरं बाकीच्यांना वाचवायला. आपण पहिल्याशी लढताना दुसरं ओळखायला शिकलो नाही, कारण आपल्याला फक्त पहिलंच दाखवलं गेलं. ही आपली चूक आहे, पण तिचं मूळ आपल्या घरात नाही.

आबांनी ऐकलं. टोपी घातली. “दोरा तरी नको,” म्हणाले. “दुसरी कायतरी खूण करा.”

आता तुमच्यासाठी

घरात गालगुंड आले तर लाजू नका आणि शौर्यही दाखवू नका. सूज दिसल्यापासून पाच दिवस त्या माणसाला वेगळं ठेवा. पेला, चमचा, टॉवेल वेगळा. त्याच्याजवळ बसा, बोला, पण अंतर ठेवून. एकटं टाकू नका. आमच्यासारखं करा, उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून एका वेळी जेवा. शाळेला आणि शेजाऱ्यांना सांगा. सूज यायच्या आधी एकदोन दिवससुद्धा हा आजार पसरतो, म्हणून ज्यांच्यात ऊठबस झाली त्यांना कळलं पाहिजे. घरात गरोदर बाई असेल तर तिला लांब ठेवा आणि तिच्या डॉक्टरांना विचारा. बिब्बा नको, चुना नको, कानात कसलंही तेल नको.

आणि “काही वेगळं वाटलं तर” म्हणजे काय, ते मी सांगते. एका कानाने कमी ऐकू आलं, कान वाजायला लागला, गरगरलं, मान ताठ झाली, डोकं फुटेल असं दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, पोटात जोराची कळ आली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. रोज सकाळी रोग्याच्या दोन्ही कानांना आळीपाळीने फोन लावून बघा. पुरुषांनी आणि वयात आलेल्या पोरांनी आणखी एक ऐकावं. गाल सुजल्यावर आठवड्याभरात अंडकोष सुजून दुखू शकतो. हे लिहू नको, बायका वाचतात, असं मला दोघांनी सांगितलं. बायकांनी वाचावं म्हणूनच लिहिते, कारण पुरुष स्वतः सांगत नाहीत, तापाने पडलोय म्हणतात. बहुतेकांना त्यातून मूल न होण्याइतकं नुकसान होत नाही, पण दाखवलं पाहिजे.

लहान मूल असेल तर बालरोगतज्ज्ञाला गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लशीबद्दल विचारा. आणि ग्रामसभेत उभं राहून हेही विचारा, की ती सरकारी दवाखान्यात का नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा “वर कळवू” म्हणाले. तिसऱ्यांदा विचारणार आहे.

काचेची खोली

दवाखान्यातून बारामतीच्या खोलीवर गेल्यावर आबांचा रोज सकाळी फोन यायचा. एकच शब्द. “आज?”

पहिल्या आठवड्यात मी “नाही” म्हणाले. दुसऱ्यातही. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मी “थोडं” म्हणाले. त्यानंतर मला मागे जाता येईना. “थोडं,” मग “कालच्यापेक्षा जरा जास्त.” आबा विहारात सांगायला लागले की पोरीचा कान येतोय. मी रोज अंघोळीनंतर डाव्या कानापाशी बोटं चोळून बघायचे. कधी कधी खरंच काहीतरी सळसळल्यासारखं वाटायचं. ते उजवा कान ऐकत होता, हे मला आतून माहीत होतं.

साडेतीन महिन्यांनी वहिनी आणि मी शेवटच्या तपासणीला गेलो. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, यात जे दिसेल ते कायमचं समजायचं.

तपासणी करणारे भाऊ मध्यम वयाचे होते, हळू बोलणारे. त्यांनी मला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि हातात एक बटण दिलं. “कितीबी बारीक आवाज आला तरी दाबायचं, ताई. उजव्या कानात मी खरखर सोडणार हाय, म्हंजी तो मधी बोलायचा न्हाय.”

दार बंद झालं. उजव्या कानात मिक्सर लागल्यासारखी खरखर सुरू झाली. डाव्या बाजूला नेहमीची शिट्टी. काचेपलीकडे भाऊ खाली मान घालून यंत्रावर काहीतरी करत होते. त्यांच्यामागे बाकावर वहिनी बसली होती, पर्स दोन्ही हातांनी धरून, माझ्या अंगठ्याकडे बघत.

मी वाट बघितली. मग मला वाटलं, आला. अगदी बारीक, लांबून, एक टिंब. मी बटण दाबलं. काचेपलीकडे दिवा लागला आणि वहिनी अर्धी उठली. मी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. चार वेळा दाबलं मी.

भाऊंनी वर पाहिलं. उठले, दार उघडून आत आले आणि माझ्या उजव्या कानावरचं यंत्र बाजूला केलं.

“ताई,” ते म्हणाले, “मी अजून आवाज लावला न्हाई.”

मी बटणावरून अंगठा काढला. वहिनी दारात येऊन उभी होती, तिने ऐकलं होतं.

“आता लावा,” मी म्हणाले.

त्यांनी यंत्र पुन्हा नीट बसवलं, बाहेर गेले. मी दोन्ही डोळे मिटले. खरखर होती, शिट्टी होती. अंगठा बटणाच्या वर धरून मी बसले, आणि या वेळी फक्त जे येईल तेच ऐकायचं ठरवलं. बराच वेळ गेला. हाताला मुंग्या आल्या. अंगठा तसाच राहिला.

दार उघडल्याचा वारा लागला तेव्हा मी डोळे उघडले. भाऊ यंत्र काढत होते.

“लावला होता का?” मी विचारलं.

“व्हय ताई,” ते म्हणाले. “पार शेवटपर्यंत.”